शनिवारचं तेल

जळगावच्या सराफ बाजारातल्या त्या म्हाताऱ्या रत्नपारख्याच्या लक्षात माणसं राहत नसत. दहा वेळा गेलं तरी अकराव्यांदा तो विचारी, "कोण भाऊ तुम्ही?" दिव्याच्या उजेडात तो खडा बघतच नसे. सकाळी ओट्यावर बसे, आणि तोंडातली सुपारी संपेपर्यंत अक्षर काढत नसे.

वडिलांची नीलमची अंगठी मी त्याच्यापुढे ठेवली. धुळ्याच्या आमच्या जुन्या सोनाराने ती सैल करून दिली होती. वर्षभरात खडा काळवंडला, आणि त्यानेच खडा बदलला असं समजून मी त्या सोनाराला भर पेठेत चोर म्हणालो होतो. हे सगळं मी सांगितलं. म्हातारा भिंगातून बघत राहिला. सुपारी संपली.

"याच्यावर दर शनिवारी तेल घालता?"

"शनीचा खडा ना, म्हणून."

"हाई बठ्ठं तेल शे, भाऊ. सगळा काळेपणा तेलाचाच."

रिठ्याच्या कोमट पाण्यात अंगठी भिजवून त्याने मऊ कुंचल्याने खड्याखालचा मळ काढला. आतून लख्ख निळा रंग उघडला.

"ही रेशमासारखी तिरपी रेघ बघा. भट्टीत बनवलेल्या खड्यात ती नसते, जमिनीतल्यात असते. तुमच्या वडिलांनी माझ्याकडे पारखायला आणला तेव्हाही होती. माणूस विसरतो मी, खडा नाही. तोच खडा शे."

मी खोटा ठरलो होतो, तरी छातीवरचा धोंडा उतरला. मी हात पुढे केला. त्याने अंगठी मुठीतच ठेवली.

"तेल मारुतीला घाला. आणि सोनाराचे पाय धरा. तेही भर पेठेत."