सोनाळ्याच्या वाटेवर मोटार उकळली

माझी बायको वरणामुळे माहेरी गेली.

लोक विचारतात, म्हणजे काय? म्हणजे हेच. ताटात वरण आलं आणि त्यातली तुरीची डाळ अख्खी होती, दाताखाली वाजावी इतकी अख्खी. मी ताट सरकवलं आणि बोलायला लागलो. बोलण्याच्या बाबतीत आमच्या घराण्याची रीत अशी, की एकदा तोंड सुटलं की ते डाळीवर थांबत नाही. डाळीवरून मी तिच्या हातावर गेलो, हातावरून माहेरावर, आणि माहेरावरून सोनाळ्याच्या समस्त प्रजेवर. गोदा (म्हणजे आमची सौभाग्यवती, गोदावरी) मध्ये एकदाच म्हणाली, "अहो, आयका तं खरं, पाणी..." मी म्हणालो, "नाई पायजे मले पाणी!" दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बैलांची दमणी जुंपून आला आणि ती गेली.

सव्वा महिना झाला तरी ती परतली नाही. मग सासऱ्यांचा निरोप आला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. हे मामाजी मोठे बागाईतदार आणि शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी. निरोप एवढाच होता : "जवाईबापूचा राग गेला असंल तं गोदीले न्याले या. नसंल गेला तं येऊ नोका." निरोप ऐकून मला असा राग आला की माझी माय म्हणाली, "अजून आठ दिवस थांब."

आठ दिवस थांबलो. निघताना मायने पुन्हा बजावलं, "हे पाय, तिथं पोचेपर्यंत कोणावरबी खेकसू नको. हसत जाय. गोदा आली नाई तं तूबी वापस येऊ नको, दोघायचं रांधणं माह्याच्यानं होत नाई." म्हणजे काम अगदी सोपं होतं. सात कोस जायचं, शांत चेहऱ्याने उतरायचं, बायको घेऊन यायचं. बैलगाडीने गेलो असतो तर एवढ्यावर भागलंही असतं. पण मला मोटारीतून जायचं होतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, सरकार नागपूरला बसत होतं, आणि आमच्या पंचक्रोशीत मोटार एकच होती. माझी! मलकापूरच्या कापसाचं जिन चालवणाऱ्या एका शेठने तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवून घेतलं होतं. ते सुरू झालं की शेजारच्या गोठ्यातली जनावरं उभी राहायची. शेठने हौसेने बनवलेली मोटार वर्षाच्या आत का विकली, हे मी विचारलं नाही. मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि मी अमरावतीला एक वर्ष कॉलेजात काढलेलं होतं, त्यामुळे मोटारीतलं सगळं मला कळतं असा माझा समज होता. सोबत आमचा सालदार गणपत. त्याचा जन्म बैलांशी बोलण्यात गेला होता आणि मोटार हीही त्याच्या लेखी न दिसणाऱ्या बैलांची गाडीच होती.

पहिला कोस बरा गेला. दुसऱ्या कोसात समोरच्या तबकडीवरचा काटा हलला. इंजिनातलं पाणी किती तापलं ते हा काटा सांगतो. तो मधोमध असावा. तो उजवीकडे सरकत सरकत लाल पट्ट्यात गेला आणि तिथेच बसला. पुढच्या झाकणातून वाफ आली. मी उतरलो आणि रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पेटीचं, झाकण उघडलं. (तापलेलं झाकण उघडू नये, असं त्या पुस्तकात जाड अक्षरांत छापलं होतं. ते पान मी नंतर वाचलं.) पाण्याचा फवारा माझ्या टोपीसकट आभाळात गेला. टोपी बाभळीवर अडकली, मनगट भाजलं.

"मालक, तापली हाय ते," गणपत म्हणाला.

"दिसते मले! आंधळा हाय का मी?"

"रागावले तुमी."

"मी रागावलो नाई," मी ओरडलो.

वाटेवरच्या विहिरीचं पाणी भरलं आणि निघालो. अर्ध्या कोसावर काटा पुन्हा लाल. मी सावलीत पुस्तक उघडलं. इंजिन तापण्याची कारणं दिली होती. पाणी कमी असणे : नव्हतं, आत्ताच भरलं होतं. पंख्याचा पट्टा सैल असणे : दाबून पाहिला, थोडा दबला. मी नट सोडले, पट्टा ताणला, पुन्हा आवळले. या कामात एक पाना इंजिनाच्या आत पडला आणि तो काढताना माझ्या पांढऱ्या सदऱ्याची बाही काळी झाली. सासुरवाडीला जायचा सदरा! गणपत म्हणाला, "मालक, खांदा लागला असंल. जू उतरवून घटकाभर चरू द्या तिले." मी त्याला काय म्हणालो ते मायला कळू दिलेलं नाही.

काटा तिसऱ्यांदा लाल झाला. आता माझा संशय थर्मोस्टॅटवर गेला. ही एक पितळी चकती असते. पाणी तापलं की ती उघडते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करते. ती अडकली तर इंजिन तापणारच. पुस्तकात तिची परीक्षा दिली होती : चकती काढावी, उकळत्या पाण्यात सोडावी, उघडते का पाहावं. जवळच्या कपाशीच्या वावरात बाया वेचणी करत होत्या आणि बांधावर तीन दगडांच्या चुलीवर त्यांचं चहाचं आधण होतं. मी चकतीला दोरा बांधला आणि परवानगीचा भाग सोडून ती आधणात सोडली.

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून जवळ आली. "काय शिजवून राह्यला रे बापू?"

"आजी, हे मोटारीचं हाय. उघडते का पाहून राह्यलो."

"मंग उघडलं का?"

उघडली होती. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे उघडली होती. म्हणजे दोष तिचाही नव्हता. म्हातारीने आधण बांधावर ओतून टाकलं आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बायको पळाली वाटते याची."

यानंतर माझ्या डोक्याचं काय झालं ते मी सांगत नाही. उरलेले कोस मी थांबत, पाणी ओतत आणि एकेकाला दोष देत काढले. शेठ लुच्चा. पुस्तक लिहिणारा गाढव. आणि सगळ्यात मोठे गुन्हेगार मामाजी, कारण सोनाळं इतकं लांब नेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी ठेवायची काय गरज होती? हसत पोचायचं होतं म्हणून मी अधूनमधून हसून पाहत होतो. गणपत म्हणाला, "मालक, तुमी तसं करू नोका. भेव वाटते."

सासऱ्यांच्या दारात मोटार पोचली ती वाफेच्या ढगातून. ओट्यावर मामाजी बसले होते, शेजारी चार पोक्त माणसं होती. मी उतरलो आणि नमस्कार करणार, तोच मोटारीने एक मोठी उचकी दिली आणि उरलंसुरलं पाणी माझ्या पायांवर सोडलं. मग मात्र मला काही सुचलं नाही. मी चाकाला लाथ मारली. अंगठा ठेचला आणि तोंड सुटलं.

"काय कमी केलं मी तुले? अं? घरात आणली, गावात मिरवली, आन् चार लोकायसमोर माही अब्रू घालवतं? एक काम धड येत नाई. नांदायचं असंल तं नीट नांद, नाई तं चालती हो!"

दाराच्या आतून गोदाचा आवाज आला, "कोणाले बोलून राह्यले तुमी?"

"मोटारीले," मी म्हणालो.

"असं काय. मले वाटलं मलेच."

मामाजींनी पानाचा डबा बंद केला. "जवाईबापू, जेवून जा," ते म्हणाले. 'जेवून जा' याचा अर्थ मला कळला. एकट्याने जा. मी तिथेच मोटारीच्या पायरीवर बसलो. दीड महिना मी या बाईची वाट पाहिली होती, रोज मायच्या हातची भाकरी खाताना ती आठवत होती, आणि पोचल्यापोचल्या मी तिला पुन्हा तेच सगळं ऐकवलं होतं. राग गेला. त्या जागी नुसती लाज उरली.

गोदा बाहेर आली, पण माझ्याकडे नाही, मोटारीकडे. तिने रेडिएटरवर वरच्या बाजूला हात लावला आणि चटकन काढला. मग खालच्या बाजूला लावला आणि तिथेच ठेवला.

"वरून चुलीवानी आन् खालून गार," ती म्हणाली. "पाणी खाली उतरतच नाई." मग तिने झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. पांढरा खडूसारखा थर निघाला. "गणपतदादा, हिच्यात कोणतं पाणी टाकता?"

"आपल्या हिरीचं," गणपत म्हणाला.

आता आमच्या विहिरीचं सांगायला हवं. आमचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी खारं. ते गुरांना चालतं, आंघोळीला चालतं, पण त्यात डाळ शिजत नाही, आणि ज्या भांड्यात रोज तापतं त्या भांड्याला आतून पांढरी पुटं चढतात. म्हणून पिण्याचं आणि रांधण्याचं गोडं पाणी बाया पाऊण कोसावरून डोक्यावर आणतात. हे आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा जाणतं. मलाही ठाऊक होतं. फक्त मोटार रोज पाणी तापवते, हे माझ्या कॉलेजात गेलेल्या डोक्यात आलं नव्हतं.

"मंग त्या दिवशी माहे गोड्या पाण्याचे दोन हंडे कुठी गेले?" गोदाने विचारलं.

गणपतने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "मोटार धुतली, बाई. खाऱ्या पाण्यानं काळ्या रंगावर पांढरे डाग पडतात. मालकच म्हणे, वरून गोडं मार, अंदर कोण पाह्यते."

ओट्यावरचा एक म्हातारा खोकला. मामाजींनी पानाचा डबा पुन्हा उघडला. म्हणजे गोडं पाणी मी मोटारीच्या अंगाला लावलं, खारं तिच्या पोटात घातलं, उरलेलं खारं गोदाच्या डाळीत गेलं, आणि डाळ शिजली नाही म्हणून शिव्या सोनाळ्याला!

"पाणी म्हणत होतो मी तवा," गोदा म्हणाली.

"माहं चुकलं," मी म्हणालो. चार माणसांसमोर म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच म्हटल्यामुळे आवाज जरा बारीक आला, पण आला.

"बंब घासतो तसं घासा लागंल हिले," ती म्हणाली, आणि पाटीभर चिंच भिजत घातली. चिंचेचं पाणी गाळून रेडिएटरमध्ये ओतलं आणि इंजिन सुरू केलं. घटकाभरात आंबट वास गल्लीभर सुटला आणि शेजारच्या दोन बायका आमटीची चौकशी करून गेल्या. रात्रभर ते पाणी तसंच ठेवलं. सकाळी खालचा बूच काढला तर भुऱ्या पाण्याबरोबर पांढरे पापुद्रे नुसते धो धो पडले. तीनदा असं केलं. मग सोनाळ्याचं गोडं पाणी भरलं, आणि गोदाने पुन्हा वरून खालून हात लावून पाहिला. सगळीकडे सारखं गरम. तिने मान हलवली आणि आत जाऊन आपली पेटी घेऊन आली.

मामाजी मोटारीपर्यंत आले. "गोदे, पाय बुवा. मन असंल तरच जाय."

"जातो, बाबा. पण माही एक अट हाय." ती माझ्याशेजारी बसली आणि तबकडीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हा काटा लाल झाला तं मोटार थांबवा लागते ना? तसं तुमचा आवाज चढला का मी खाली उतरीन आन् सोनाळ्याकडं चालाले लागीन. समजावून वापस आणाचं काम तुमचं."

"कबूल," मी म्हणालो. सात कोसांचा तर प्रश्न होता, आणि कोणावर रागवायचं कारण तरी काय उरलं होतं?

वाटेत एक शेळ्यांचा कळप आडवा आला. एका गाडीवानाने वाट दिली नाही. आणि गावात शिरताना गणपत म्हणाला, "मालक, आता खांदा बरा हाय वाटते हिचा."

सात कोसांत मोटार एकदाही तापली नाही. गोदा तीनदा उतरली.