मुंबईहून मागवलेला टुटू

“उभ्या माणसाचं माप म्हणजे मुडद्याचं माप,” असं मास्टर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. आलेल्या माणसाला ते आधी बसवत, मग वाकवत, मग दुकानाच्या पायरीवरून दोनदा वरखाली करायला लावत आणि त्यानंतर गळ्यातली टेप काढत. एका निवृत्त बँक मॅनेजरांना त्यांनी पँटच्या मापासाठी उकिडवं बसवलं होतं. साहेब चिडले. मास्टर शांतपणे म्हणाले, “पँट घालून फोटोच काढाचा असंल तं उभे राहा.” साहेब बसले.

ही सवय नाटकांची. मास्टरांचं निम्मं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे कपडे शिवण्यात गेलं होतं. राजा तलवार घेऊन पडतो, नायिका गुडघ्यावर बसून रडते. तेव्हा शिवण उसवली तर लोक रडायच्या जागी हसतात, असं ते सांगत. गोंदियात राईस मिलच्या रस्त्याला त्यांचं दोन मशिनींचं दुकान होतं. त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती चौथा पर्याय म्हणून. आधीच्या तीन टेलरांनी माझ्या हातातला फोटो पाहून हात जोडले होते.

मी नागपूरची. लहानपणी एका बाईंकडे पाच वर्षं बॅले शिकले, मग लग्न होऊन गोंदियात आले आणि एका खाजगी शाळेत नृत्यशिक्षिका झाले. गॅदरिंगला आठ मुलींचा बॅले बसवायचा माझा हट्ट होता आणि त्यासाठी टुटू हवे होते. टुटू म्हणजे कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला, जाळीचा आखूड घागरा. बॅले कधी न पाहिलेलं माणूससुद्धा तो चित्रात ओळखतं. मास्टरांनी फोटो खूप वेळ पाहिला. इतरांनी विचारलं होतं, एवढंसं कापड? मास्टरांनी विचारलं, “मॅडम, हे कापड खाली काऊन नाही पडून राहिलं?”

त्याचं उत्तर मलाही नीटसं माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माहेरून आणलेला माझा लहानपणचा टुटू त्यांच्यापुढे ठेवला. एकच टाका उसवू द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. मग त्यांनी तो मांडीवर पालथा घेतला आणि डोळे मिटून, नाडी पाहावी तसे जाळीच्या थरांतून बोटं फिरवत बसले. बारा थर निघाले. सगळ्यात खालचा सगळ्यात आखूड, वर येईल तसा प्रत्येक थर बोटभर लांब, म्हणजे खालच्यानं वरच्याला उचलून धरायचं. थरांना आतून कुठे कुठे ढिले टाके. ते टाके सापडले तेव्हा मास्टर हसले. “पोरगी उडाली म्हणजे कापडानं बी उडावं. पण तिच्या मागून.”

टुटूची खास जाळी इथे कुठून मिळणार? मास्टरांनी मच्छरदाणीची सुती जाळी घेतली आणि तिला भाताच्या पेजेची खळ दिली. पहिली खेप अंगणात वाळत घातली तर शेजारच्या कोंबड्यांनी पेजेतली शितं टिपता टिपता तीन थर फाडले. त्यानंतर पेज दोनदा गाळली जाऊ लागली आणि मास्टरीणबाई काठी घेऊन राखण बसू लागल्या. पुढे मी वाचलं की पूर्वी युरोपातही टुटू असाच खळ दिलेल्या विरळ सुती कापडाचा करत. रंगमंचावरच्या उघड्या दिव्यांनी तो पेट घेई, नाचणाऱ्या मुली त्यात भाजत, तरी त्या तोच नेसत. हे सांगितलं त्या दिवसापासून मास्टरांनी दुकानात कोणाला बिडी पेटवू दिली नाही.

शाळेत मात्र कुरबूर सुरू झाली. दोन पालकांना घागरा गुडघ्याखाली हवा होता. मी ते मास्टरांना सांगितलं. ते म्हणाले, हा घागरा आधी लांबच असंल. मग कोण्या पोरीचं पायाचं काम लई चोख झालं असंल, तिनंच म्हटलं असंल, एवढी मेहनत केली तं दिसू द्या. कोणत्याही पुस्तकाशिवाय त्यांनी हे मशिनीवर बसून ताडलं होतं आणि ते बरोबर होतं. दोनशे वर्षांपूर्वी बॅलेचा घागरा घंटेसारखा, पोटऱ्यांच्याही खालपर्यंत असे. जसजशा मुली पंजाच्या टोकावर नाचू लागल्या, अवघड गिरक्या घेऊ लागल्या, तसतसा तो वर चढत गेला. पालक दुकानात आले तेव्हा मास्टरांनी एवढंच सांगितलं, “लोकं पाय नाही पाहत. पाय काय करून राहिला, ते पाहतात.” घागरे आखूडच राहिले. आत जाड, लांब पांढरे पायमोजे आले, एवढीच तडजोड.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

गॅदरिंग झालं. आठ मुली पंजांवर उठल्या आणि आठ पांढरी ताटं एकदम हवेत तरंगली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यामागे प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी आल्या, सोबत मुख्याध्यापक. चार दिवसांपूर्वीच मुख्याध्यापक मला म्हणाले होते, गावठी वाटायला नको हं. बाईंनी विचारलं, किती सुंदर पोशाख, कुठून आणले? माझ्यामागे दोन हातांच्या अंतरावर मास्टर गुडघे टेकून, ओठांत सुई धरून एका मुलीचा हूक घट्ट करत होते. मी म्हणाले, “मुंबईहून मागवले.”

पाहुणे गेले. मास्टरांनी ओठांतली सुई काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुंबईवाल्याले सांगा मॅडम, मागचा हूक ढिला हाय.”

मी हसले. ते हसले नाहीत. पुढच्या वर्षी गॅदरिंगच्या पत्रिकेत छापून आलं, मुंबईहून खास मागवलेले पोशाख. ती पत्रिका छपाईआधी माझ्याकडे तपासायला आली होती. मी त्यात दोन मुलींच्या आडनावांच्या चुका सुधारल्या आणि ती ओळ तशीच ठेवली. असं अकरा वर्षं चाललं. मास्टर शिवत राहिले, दर वर्षी आधीच्यापेक्षा हलके आणि जास्त डौलदार. त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मी त्यांच्या गप्प बसण्याला माफी समजत आले.

मग मोतिबिंदू झाला. ऑपरेशननंतरही नजर धड आली नाही. मास्टरीणबाई आधीच गेल्या होत्या. मशिनी विकून मास्टर सालेकशाला मुलीकडे, शालूकडे राहायला गेले. मी दोन वर्षं आज जाऊ उद्या जाऊ करत राहिले. शेवटी गेले. शालूनं चहा ठेवला आणि बोलता बोलता सहज सांगितलं, ती नववीत होती तेव्हा वर्गात म्हणाली होती, ते बॅलेचे कपडे माझे बाबा शिवतात. एका मुलीनं आमची पत्रिका आणून सगळ्यांना दाखवली. पुढे दहावीपर्यंत वर्गात तिला ‘मुंबई’ म्हणत. “लबाड म्हणत नव्हत्या सरळ,” शालू म्हणाली, “मुंबई म्हणत.”

मी कप खाली ठेवला. मास्टरांच्या बाजेपाशी गेले आणि सगळं बोलून टाकलं. लाज वाटली होती तुमची, असंही सांगितलं.

“पहिल्या वर्षी मले बरं वाटलं होतं,” ते म्हणाले. “मुंबईचं वाटलं म्हणजे काम जमलं. दुखलं ते दुसऱ्या वर्षी.”

मी म्हणाले, मला माफ करा.

“मले कायले सांगता मॅडम? मले तं मालूमच हाय. ज्याईले मुंबई सांगतली, त्याईले सांगा.”

त्या जानेवारीत गॅदरिंगला मी गाडी पाठवून मास्टरांना आणि शालूला बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. माझ्या जुन्या विद्यार्थिनींना निरोप धाडले. बऱ्याच जणी आपल्या मुलींना घेऊन आल्या. मास्टरांच्या जुन्या टुटूंमधला बॅले झाल्यावर मी माइक हातात घेतला आणि सांगितलं की या शाळेत एकही टुटू कधी मुंबईहून आला नाही. मी खोटं बोलले, पत्रिकेतही खोटं छापू दिलं. हे सगळे तुळशीराम मास्टरांनी राईस मिलच्या रस्त्यावर, मच्छरदाणीच्या जाळीतून आणि भाताच्या पेजेतून उभे केले. पश्चात्तापाच्या भरात मी म्हणून गेले, चौदा चौदा थरांचे.

पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. “बारा.”

मी माइक खाली घेतला.

“बाराच होते. सांगाचंच हाय तं पूरं खरं सांगा.”

सभागृह हसलं आणि त्या हसण्यातूनच टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मास्टरांना दिसत नव्हतं. शालूनं वाकून कानात सांगितलं तेव्हा तेही उठले. कोणाकडे पाहायचं ते न कळून त्यांनी चारी बाजूंना हात जोडले. शालू मात्र बसूनच होती, ताठ. वर्गातल्या मुलींपैकी कोणी तिथे होतं की नाही, मला ठाऊक नाही. तिची नजर लोकांवरून एकेक करत फिरत होती. मी आयुष्यात पुष्कळ नाच बसवले, पण माझ्या स्टेजवरून मिळालेल्या टाळ्यांत मला खरा अभिमान वाटला तो या टाळ्यांचा. त्यात माझं काहीच नव्हतं.

मास्टर यंदा वैशाखात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शालूचा फोन आला. निधनाची बातमी पेपरात द्यायची होती. भाऊबंद म्हणत होते, ‘नाटकाचे कपडे शिवणारे’ एवढं पुरे. तिला आणखी एक ओळ हवी होती, ती तिला जुळत नव्हती. मी सांगितली, तिनं लिहून घेतली, ‘बॅले’वर अर्धचंद्र आहे ना ते विचारून घेतलं, आणि वाचून दाखवली: ‘बॅले नृत्याचे पोशाख गोंदियात शिवणारे ज्येष्ठ टेलर.’

मग ती जरा अडखळली. “मॅडम, असं छापलं तं लोकं विचारतील.”

“विचारू दे,” मी म्हणाले. “माझा नंबर दे त्यांना.”

तीन फोन आले. तिघांनाही मी पहिल्या वर्षापासून सगळं सांगितलं.