सातवी ड आणि आमचे सराव पाठ

शिक्षिका व्हायची ओढ होती म्हणून मी शिक्षणशास्त्र घेतलं, असं नाही. राज्यशास्त्राच्या पदवीला नोकरी नव्हती म्हणून घेतलं. जळगावच्या आमच्या कॉलेजनं त्या वर्षी बी.ए.ला हा जोडविषय सुरू केला होता. एक लेखी पेपर आणि शाळेत जाऊन दहा सराव पाठ. पुढे बी.एड.ला उपयोग होतो म्हणत. भुसावळला रेल्वेत फिटर असलेले माझे वडील, आबा, म्हणाले, "कॉलेजच्या गेटवर बोंबलतेस तेवढं वर्गात बोंबल. तिथं पगार तरी मिळेल."

माझं बोंबलणं म्हणजे विद्यार्थी संघटनेचं काम. फीवाढ असो की एस.टी.चा पास, पत्रक लिहायची वेळ आली की सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल माझ्याकडे यायची. मी एका बैठकीत चार पानं खरडायची आणि त्याचा मला गर्व होता.

सराव पाठांसाठी नगरपालिकेची एक शाळा मिळाली. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अ तुकडीला हात लावायचा नाही, तिथं स्कॉलरशिपची पोरं आहेत. ब आणि क पण नको. ड घ्या. तिथं काय करायचं ते करा."

काय करायचं ते आम्ही केलं. आम्ही अठरा जण होतो आणि कॉलेजकडे धड तक्ते होते तीन. पाठात तक्ता टांगला की शैक्षणिक साधनाचे गुण मिळायचे. त्यामुळे भूगोलवाल्या प्रत्येकानं त्यातला एकच तक्ता उचलला: खारे वारे आणि मतलई वारे. ज्या पोरांनी तापीच्या पलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्यांना आम्ही समुद्रावरचे वारे शिकवत होतो. एकदा नाही, नऊदा. नववी मी.

मागच्या बाकावर आमचे मार्गदर्शक सर गुणपत्रिका घेऊन बसलेले. मी प्रस्तावनेचे प्रश्न विचारले. अर्धा प्रश्न तोंडात असतानाच पोरं उत्तर देत होती. मी खूश. तक्ता टांगायला वळले, तर पुढच्या बाकावरची एक पोर हळूच म्हणाली, "बाई, पहिले फळावर पाठनं नाव लिखतस. तुम्ही भुलनात." वर्ग हसला. मी नाव लिहिलं. सरांना वाटलं, वर्गाशी माझं छान जमलंय.

घंटा झाल्यावर ती पोर वही घेऊन आली. तेल लावून घट्ट वेणी, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर. आत तोच गृहपाठ, तीच दोन उत्तरं, पानामागून पान, प्रत्येक बाईची आणि सरांची वेगळी तारीख टाकून. एकाही पानावर लाल रेघ नव्हती.

"बाई, हाई कोन तपासी?"

मी सरांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "गृहपाठ दिल्याचा एक गुण आहे. तपासल्याचा नाही."

मी तिथंच बसून तिची वही तपासली. तिला गणिताबद्दल विचारलं, तर वर्षभरात अपूर्णांकाला कोणी शिवलंच नव्हतं. ती म्हणाली, यंदा सातवी पास झाली तर बाप आठवीत घालणार आहे. नाही तर आईबरोबर डाळ मिलमध्ये डाळ निवडायला.

माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं: 'सातवी ड म्हणजे चिरायला आणलेली बेडकं नाहीत!' गरिबांच्या पोरांवर सराव करून पदव्या वाटणारं कॉलेज, त्यांना भाड्यानं दिल्यासारखी देणारी शाळा, सगळ्यांची सालं काढली. मोर्चा नेला, शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन दिलं. आठवडा पुरता झाला नव्हता, तोच त्या शाळेतले सराव पाठ बंद झाले. आमची सोय एका खाजगी शाळेत लागली. आम्ही स्टेशनसमोर चहा पिऊन विजय साजरा केला. एक कार्यकर्ता म्हणाला, "पुढारीणबाई, आता आमदारकीचं बघा."

महिन्यानं नगरपालिकेच्या त्या शाळेत गेले ते झालेल्या पाठांच्या दाखल्यावर सही घ्यायला. सातवी ड व्हरांड्यात बसलेली. कोणी उवा मारत होतं, कोणी नुसतं भिंतीला टेकलेलं. वर्गात क तुकडीची परीक्षा चालू होती. ड चे मास्तर कुठे म्हणून मुख्याध्यापकांना विचारलं.

"कोणते मास्तर? दिवाळीच्या आधीच निवृत्त झाले. जागा भरलेली नाही." दाखला टेबलावर सरकवून ते म्हणाले, "तुमची पोरंपोरी येत होती म्हणून कोणी तरी खडू घेऊन उभं राहत होतं. दोन मराठीचे, एक भूगोलाचा, काही तरी कानावर पडत होतं. तेही तुम्ही बंद केलं. लिहा आता आणखी एक पत्रक."

मी खरंच लिहिलं. मास्तर द्या, म्हणून. पुन्हा मोर्चा, पुन्हा निवेदन. कोणी फिरकलं नाही. तेव्हा मला कळलं की 'बंद करा' म्हटलं की साहेब लगेच सही करतो. त्यात त्याचं काही जात नाही. 'द्या' म्हटलं की फाइल वर जाते. आणि हेही कळलं की चार पानं लिहायच्या आधी मी शाळेत एक प्रश्न विचारायला हवा होता: यांना शिकवतं कोण? मी तो विचारला नाही. मला पत्रकाची घाई होती.

मग शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या पोरीला आणि आणखी पाचसहा जणींना अपूर्णांक शिकवायला जाऊ लागले. तक्ता नाही, 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असलं हेतुकथन नाही, नुसती पाटी आणि भाकरीचे तुकडे. तिला छेद समान करायला जमू लागलं होतं. चार शनिवार झाले आणि माझी परीक्षा आली. मी जायची थांबले. परीक्षा झाल्यावर येते म्हणाले. तोवर त्यांची होऊन गेली होती.

निकाल मुख्याध्यापकांनीच सांगितला. ड मधली निम्म्याहून जास्त नापास, त्यात ती.

जूनमध्ये औद्योगिक वसाहतीत पत्रकं वाटत होते. एका डाळ मिलच्या दारात बायका जेवायला बसल्या होत्या. तोंडाला फडकं, पापण्यांवर पिवळी धूळ. तिनंच मला ओळखलं. फडकं खाली ओढून उठून आली.

मी काही तरी बोलले. पुढच्या वर्षी बाहेरून बसता येतं, मी फॉर्म आणते, असलं काही. ती ऐकत होती, पण तिला दुसरंच विचारायचं होतं.

"बाई, तुम्ही पास व्हयनात का?"

"झाले."

"मंग बरं शे."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. असता तर मला काही तरी उत्तर देता आलं असतं. आतून मुकादमानं हाक मारली, तशी तोंडाला फडकं बांधत ती गेली.