दोन जावांचा एकच दर

थोरली म्हणजे महा फटकळ बाई. हातातल्या इस्त्रीत जेवढे निखारे, त्याहून जास्त तोंडात! समोरच्याच दुकानात तिची धाकटी जाऊ इस्त्री करायची, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. कारण काय, तर सासूबाईंची पितळी इस्त्री. सासूबाई गेल्या, इस्त्री धाकटीने उचलली आणि बोलणं बंद झालं.

लढाई चालू होती तोवर दराची कटकट नव्हती. कोळसा, साबण, कपड्यांची इस्त्री, सगळ्याचे दर सरकारने बांधून दिलेले. लढाई संपली, बांधलेले दर उठले आणि नवा कायदा आला. ज्याने त्याने आपापला दर लावावा, पण दुकानदारांनी संगनमताने एकच दर ठेवला तर दुकानाला कुलूप!

गल्लीत नुसती धमाल उडाली. न्हाव्याने दर चढवला, शिंप्याने उतरवला. या दोघींच्या पाट्या मात्र होत्या तशाच. व्हायचं तेच झालं. एका सकाळी कायद्याचे साहेब थोरलीच्या दारात हजर.

"समोरच्या बाईंशी तुमचं ठरलंय?"

"हिच्याशी? अहो, भिंतीशी बोलेन मी, हिच्याशी नाही!"

न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून धावत आला. "साहेब, या दोघींना बोलताना कुणी पाहिलं असेल तर त्याची दाढी जन्मभर फुकट!"

गल्ली हसली. साहेब हसले नाहीत. मागे घड्या घालत बसलेल्या थोरलीच्या नवऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "हाताखाली घरचं माणूस आहे. दर उतरवणं तुम्हाला परवडलं असतं. सगळं गिऱ्हाईक तुमच्याकडे आलं असतं. मग का नाही उतरवलात?"

दुकान गेलं तर खायचं काय, म्हणून थोरली थाप मारायला गेली, पण थाप काही सुचेना. शेवटी चिडून ओरडली, "उतरवला असता तर ती बुडाली असती! माझा दीर लढाईवरून परत आला नाही. एकटी आहे ती. एका इस्त्रीपायी भांडले म्हणून काय तिच्या पोटावर पाय देऊ?"

समोर धाकटीचा हात जागच्या जागी थांबला. कुणाचा तरी सदरा जळल्याचा वास आला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे संगनमत नाही. छान. यापुढेही एकमेकींशी बोलू नका, म्हणजे झालं."

थोरलीचं डोकंच फिरलं. "माझ्या जावेशी बोलू नको म्हणणारे तुम्ही कोण हो? अबोला आमचा आहे, सरकारचा नाही!" आणि तरातरा गल्ली ओलांडून ती समोरच्या दुकानात शिरली.

"जाऊबाई..." धाकटीने पितळी इस्त्री उचलून थोरलीपुढे केली. "ही घेऊन जा."

"कशाला?" थोरली तिथल्याच स्टुलावर बसली. "माझी सासू इथे आहे, तर मीच येत जाईन. रडू नकोस, चहा टाक." मग दाराकडे वळून तिने खणखणीत आवाज दिला, "साहेब, दराचं सोडून बोलतोय हो!"