चुकीच्या उत्तराची मुलगी

बी.एड.च्या दोन वर्षांत आम्हाला गणिताचं एकही उदाहरण कुणी सोडवून दाखवलं नाही. मी गणित पद्धतीची विद्यार्थिनी, म्हणजे पुढे गणिताची शिक्षिका होणार. पण आमच्या त्या एवढ्याशा कॉलेजात गणिताची उद्दिष्टं होती, गणिताची कौशल्यं होती, गणित शिक्षकाचे गुण होते, ते गुण चिकटवायला थर्माकोल होता. गणित तेवढं नव्हतं. "आशय तुम्हाला येतोच असं धरून चालू," असं आमच्या मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या आणि धरून चालल्या त्या थेट निरोप समारंभापर्यंत.

मला मात्र घाई होती. मार्गासनीच्या पुढे आमचं गाव. तिथल्या शाळेत गणिताला कुणी टिकतच नाही. मी शिकले तेव्हा गणित पीटीच्या सरांकडे होतं, आणि माझी धाकटी बहीण आठवीत गेली तरी त्यांच्याकडेच. सर गळ्यात शिट्टी अडकवून उदाहरण फळ्यावर उतरवणार आणि म्हणणार, "लिवून घ्या, पाठ करा." मुख्याध्यापकांनी मला सांगून ठेवलं होतं, "जूनपर्यंत जागा धरतो. शेवटचा पाठ पास हो अन् ये. त्याच्या पुढं माझ्या हातात न्हाई." त्या जागेसाठी मी रोज चेलाडी फाट्यावर एसटी बदलून भोर गाठत होते. बहिणीला तर मी घरीच सांगून टाकलं होतं, नववीला तुला मीच.

आता हा 'पाठ' म्हणजे काय, तर एका वर्गावर एक तास शिकवून दाखवायचं आणि मागच्या बाकावर बसून कुणीतरी गुण द्यायचे. आम्हाला भोरमधल्या एका शाळेची आठवी दिली होती. ती पोरं शिकाऊ शिक्षक बघून बघून नुसती निबर झालेली. तुम्ही प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारायचा अवकाश, ती शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी. का नाही देणार? दर पाठाला तोच धडा, तेच तक्ते, आदल्या दिवशी तीच रंगीत तालीम. कोण हात वर करणार, कोण फळ्यावर येणार, सगळं ठरलेलं.

आणि त्यात एक चुकीच्या उत्तराची मुलगी असायची. गुणांच्या तक्त्यात 'चूक दुरुस्ती' असा एक रकाना होता. कुणी चुकलंच नाही तर दुरुस्त काय करणार, कप्पाळ? म्हणून एका मुलीला चुकायला सांगून ठेवायचं. तीही ठरलेली होती. उत्रोलीची, दोन वेण्यांची, खणखणीत आवाजाची. प्रत्येक शिकाऊ बाई तिलाच धरायची.

मी मॅडमना म्हटलं, मला हे नाटक करायचं नाही. मॅडम हसल्या. "अगं, सगळे करतात. तुला जूनला नोकरी हवीय ना?" झालं. गेले त्या मुलीकडे आणि म्हटलं, "तू धीट आहेस. उणे दोन गुणिले उणे तीन विचारलं की उणे सहा म्हणायचं." ती म्हणाली, "म्हाईत हाय, बाई. नेहमीचंच हाय."

शेवटच्या पाठाला परीक्षक बाहेरून आले. ट्रेकचे बूट घालून! आल्या आल्या त्यांनी मला काय विचारावं? पालीकडून राजगड चढायला सोपा ना, आणि वर पिठलं-भाकरी मिळते ना. मग मागच्या बाकावर बसून मोबाईल काढला. मी प्रस्तावना केली, तक्ता टांगला, मधाळ आवाजात प्रश्न विचारला. ती उठली. "उणे सहा." मी तक्त्यावर पट्टी ठेवली आणि म्हटलं, "नाही हं बाळ. उणे गुणिले उणे, अधिक. म्हणून सहा." आता तिनं "समजलं, बाई" म्हणून खाली बसायचं होतं.

ती बसली नाही.

"पन का, बाई?"

मॅडम दारातून डोळे वटारत होत्या.

"इतक्या बाया आल्या," ती म्हणाली, "समद्यांनी माज्याकडनं चुकवून घेतलं. का चुकलं ते कुनीच सांगितलं न्हाई."

मला इतकी लाज वाटली की तोंड कुठं लपवू असं झालं. तक्ता काढला आणि टेबलावर टाकला. फळ्यावर उणे तीनचा पाढा उलटा लिहायला लागले. उणे तीन दुणे उणे सहा, एके उणे तीन, शून्याने शून्य. "दर ओळीला किती वाढतंय?" "तीन," पोरं म्हणाली. "मग शून्याच्या खाली उतरू. उणे एकनं गुणलं तर?" ती पुटपुटत राहिली आणि एकदम ओरडली, "तीन! मंग उणे दोननं सहा! व्हय की!" मागून कुणी उणे चारच्या पाढ्यानं करून बघू म्हणालं, कुणी उणे पाचच्या. खरी उत्तरं, खऱ्या चुका. माझ्या दोन वर्षांतला तो एकच तास गणिताचा होता. आणि घंटा झाली.

उपयोजन राहिलं, समारोप राहिला, गृहपाठ राहिला. परीक्षकांनी मोबाईल खिशात घातला आणि म्हणाले, "चूक दुरुस्ती छान होती. पण तुम्ही आशयावर फार वेळ घालवलात. पाठ अपुरा आहे. पुढच्या सत्रात पुन्हा द्या." आणि गेले राजगडावर. मी मुतारीमागे उभी राहून रडले, रागानं.

जून आला. जागा गेली. मिळाली कुणाला, तर आमच्याच वर्गातल्या एकाला, ज्याचा पाठ अगदी घंटेच्या ठोक्याला संपला होता. पठ्ठ्यानं थर्माकोलही सोबत नेला म्हणे. मला वाटलं, जाऊ दे, निदान पीटीचे सर तरी सुटले.

पावसाळ्यात एक दिवस बहीण शाळेतून आली ती नाचतच.

"ताई, उद्या तपासनीला साहेब येनारेत. नव्या सरांनी मला चुकीचं उत्तर द्यायला सांगितलंय. म्हनले, तू धीट हायेस."

माझं डोकंच फिरलं. उठून त्या शाळेत जावं आणि त्याच्या थर्माकोलचा भुगा करावा असं वाटलं. मग तिच्याकडे बघितलं. निवड झाली म्हणून पोरगी खूश होती.

"दे," मी म्हटलं. "सांगितलंय तस्संच दे. पण मग सर बस म्हणाले तरी बसू नकोस."

"मंग काय करू?"

"विचार, का?"