रंग : पांढरा

बी.एस्सी.च्या पहिल्या तासाला हमीद सर वर्गात पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या घेऊन यायचे. एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ, घरून मोजून आणलेलं. प्रत्येकाच्या ओंजळीत थोडं ओतत म्हणायचे, "चाखा. हा समुद्र हाय. बघायला मिळंल न मिळंल, चव तरी ठावी असू द्या." मी तोंड वाकडं केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?" म्हटलं, देवणीची. "मग बरोबर हाय. तुमच्याकडं वळू नामी. समुद्राचं तुम्हाला काय!" सगळा वर्ग खिदळला. सरांनी स्वतःही समुद्र पाहिला नव्हता, हे मला पार तिसऱ्या वर्षी कळलं.

सर औशाचे. लातूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि त्यांचा सगळा जीव प्रवाळांवर. प्रयोगशाळेत एका बरणीत प्रवाळाचं वाळकं झुडूप होतं. त्याचं चित्र काढायचं आणि शेजारी वर्णन लिहायचं. "दिसलं तेच लिहायचं," सर बजावायचे, "मनातलं न्हाई." म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांच्या जर्नलात एकच ओळ, 'रंग : पांढरा'. जिवंतपणी ते जांभळं, हिरवं, पिवळं असतं, त्याच्या अंगात राहणारे बारीक जीव त्याला रंगही देतात आणि जेवूही घालतात, हे सर अगदी रंगात येऊन सांगायचे. ते परीक्षेला येत नसे, त्यामुळे आम्ही मागच्या बाकावर निवांत गप्पा मारायचो. आज त्याची लाज वाटते.

साखरेच्या आजारानं सरांचा डावा डोळा गेला, उजव्याला पुसट दिसू लागलं. निवृत्तीही तोंडावर आली होती. मग त्यांनी ध्यासच घेतला, पोरांना घेऊन लक्षद्वीपला जायचं आणि डोळा आहे तोवर जिवंत प्रवाळ बघायचं. परवान्यांसाठी वर्षभर कागद पाठवत राहिले. शेवटी आम्ही अकरा जण त्यांच्यासोबत निघालो. जहाजात सगळे ओकून आडवे झालो, सर मात्र कठड्याला धरून उभे. तोंडावर उडालेलं पाणी चाटून म्हणाले, "पस्तीसच हाय, पोरहो!"

बेटावरच्या कासीमभाईंच्या होडीला तळाशी काच होती. होडी थांबली, मी खाली वाकले आणि आनंदानं ओरडलेच, "सर, सेम आपल्या बरणीतल्यासारखं! नजर जाईल तिथवर!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सरांचा चेहरा उतरला. "रंग सांग."

"पांढरा, सर. दुधासारखा."

"नीट बघ."

"नीटच बघून राहिले, सर."

कासीमभाई हळूच म्हणाले, "पानी गरम हो गया, साब. पूरा सफेद पड गया."

सर होडीत पालथे पडले, कपाळ काचेला टेकवलं. मग म्हणाले, "आजून मेलं न्हाई. अंगातले जीव निघून गेले, उपाशी हाय ते. पाणी निवलं तर रंग परत येईल. न्हाई निवलं तर वर शेवाळ चढंल. मग खलास." आणि एकदम माझा हात धरला, "धुंड, सुजाता. एखादा तरी ठिपका आसंल."

तीन दिवस आम्ही ठिपका धुंडला. पाणी अंगाला कोमट लागत होतं. तिसऱ्या दिवशी मला सरांकडं बघवेना. मी म्हटलं, "सर, तिथं जांभळं हाय!" ते लहान मुलासारखे उठून बसले. "केवढं? कसं हाय?" मला पुढं काही सुचेना. सर हळूच पुन्हा आडवे झाले. "दिसलं तेच सांगायचं, बेटा," एवढंच म्हणाले.

चार महिन्यांनी कासीमभाईंनी मोबाइलवर फोटो पाठवला. मी औशाला गेले. सरांचा दुसराही डोळा गेला होता, अंथरुणाला खिळले होते. माझा आवाज ऐकताच म्हणाले, "पाणी निवलं का? रंग आला?"

खोटं बोलायला तिथं कसलीच अडचण नव्हती. "आला, सर," मी म्हटलं.

"कुठला?"

"हिरवट. थोडा तपकिरी."

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "शेवाळ हाय का?"

मला रडू फुटलं. "हाव, सर."

सरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "तीस वर्षं पोरांना मढं दाखवून राहिलो मी," ते म्हणाले, "आन् जित्तं बघायला गेलो, तर उशीर." त्याच महिन्यात ते गेले.

आता मी विष्णुपुरीजवळच्या एका कॉलेजात शिकवते. पहिल्या तासाला तांब्या नेते. तिथल्या बरणीतही वाळकं झुडूप आहे. मुलं जर्नलात लिहितात, 'रंग : पांढरा'. मी त्यावर लाल पेनानं काट मारते. "मॅडम, मग बरोबर रंग कुठला?" एका मुलीनं परवा विचारलं. मी तो पाहिलेलाच नाही.