दोन बोटे सैल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असे विचारले तर आमच्या घरचे लोक देवाचे नाव घेतील, कॉलेजातले मित्र एखाद्या सरांचे. मी मास्टरांचे घेतो. मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या अकोल्यात शिंप्याला मास्टर म्हणतात. त्यांचे खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते, पण निम्मा रंग उडाल्यामुळे ते मला कधी पूर्ण वाचता आले नाही. पहिल्या महिन्यात विचारायचे राहून गेले आणि दुसऱ्या वर्षी विचारणे बरे दिसले नसते.

कोणीही दुकानाची पायरी चढले की मास्टरांचा हात गळ्यातल्या टेपकडे जाई. नजर आधी खांद्यावर जाई, मग छातीवर, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्यावर. चेहरे ते विसरत. खांदा विसरत नसत. आणि माणूस बारीक असला तर टेप अर्धवट काढून पुन्हा गळ्यात टाकत आणि म्हणत, "अगोदर खाऊन ये, मंग मोजतो."

मला त्यांनी हे पहिल्याच भेटीत ऐकवले. मी हिवरखेडकडचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, एका दमात क्विंटलभर ओझे उचलणारे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आणि पहिला काटकुळाही मीच. उंची पाच फूट आठ इंच, वजन सेहेचाळीस किलो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना एक तयार शर्ट घेतला होता, तो आत घेण्यासाठी मास्टरांकडे गेलो. त्यांनी मला तो घालायला लावला, मागून पुढून पाहिले आणि विचारले, "हा शर्ट तुहा हाय, का तू शर्टाचा?"

समोरच्या हातगाडीवर केळी विकणारी मावशी यावर इतकी हसली की तिचे गिऱ्हाईक न घेताच निघून गेले. त्याचा दोष तिने पुढे दोन वर्षे मला दिला.

तुम्ही बारीक असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याला लोक उपाय सांगतात. जंताचे औषध घे, दुपारी झोपत जा, लग्न कर. माझ्या आईने तर दोनदा दृष्ट काढली होती. मास्टरांनी उपाय सांगितला नाही. त्यांनी विचारले, "तुले जाड कावून व्हायचं हाय?" का व्हायचे, हे आतापर्यंत कोणी विचारले नव्हते, म्हणून मी खरे सांगितले. मला वनरक्षक व्हायचे होते. लेखी परीक्षेची भीती नव्हती, पळण्यात मी पहिल्या पाचात असे. अडचण फक्त छातीची होती. भरतीला न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर लागे, आणि फुगवून त्यावर पाच. मास्टरांनी हिशेब करून सांगितले, एकतीस इंच आणि वर जरासे. मग मला मोजले. माझी साडेएकोणतीस भरली.

मास्टर स्वतः शिवणयंत्राच्या सुईसारखे होते. या विषयात आपण आयुष्यभर नापास झालो, म्हणून आपल्याला यातले कळते, असे ते म्हणत. त्यांनी स्वतःच्या निकाहची शेरवानी स्वतः शिवली होती आणि आत खांद्याला, छातीला कापूस भरला होता. हा प्रसंग सांगण्याचा मान मात्र त्यांच्या बायकोचा, म्हणजे चाचींचा. दुकानाच्या मागेच त्यांचे घर होते. पडद्याआडून आवाज येई, "मैं समझी पैलवान मिला. शेरवानी उतारी तो आधा मियाँ खूँटी पे टंग गया."

मी चांगला भरपूर जेवतो, असे मी मास्टरांना प्रामाणिकपणे सांगितले होते. त्यांनी वाद घातला नाही. कापड कापायच्या टेबलाची एक कड मला नेमून दिली आणि आठ दिवस जे खाशील त्याची खडूने रेघ ओढ म्हणाले. आठव्या दिवशी आम्ही दोघे वाकून बघत होतो. चहाच्या रेघांचे कुंपण झाले होते. जेवणाच्या रेघा एकमेकींनी हाक मारली तरी ऐकू आली नसती इतक्या दूर होत्या.

"पतला माणूस खोटं नाई बोलत बाबू," मास्टर म्हणाले. "त्याले खरंच वाटते का आपण लय खातो."

त्या दिवसापासून मी भूक लागली की जेवायचे बंद केले आणि घड्याळ पाहून जेवू लागलो. भूक म्हणजे गिऱ्हाईक, असे मास्टरांचे मत होते. आले तर चांगलेच, पण त्याच्या भरवशावर दुकान उघडायचे नसते. सकाळी भिजवलेले चणे आणि गूळ, मग दोन भाकरी आणि डाळ, मधे मूठभर शेंगदाणे, संध्याकाळी दूध आणि दोन केळी, रात्री पुन्हा भाकरी. अंड्यांसाठी आईला फोन करावा लागला. आमच्या घरी अंडे चालत नाही. आईने स्वयंपाकघराचे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तिथं अकोल्यात तू काय खातं ते मले नोको सांगू." ही परवानगी आहे असे चाचींनी ठरवले आणि रोज सकाळी चार अंडी उकडून ठेवू लागल्या. मी सोललेले अंडे हातात धरून बसलो की पडद्याआडून म्हणत, "देखने से वजन नहीं बढ़ता बेटा."

एका जिमवाल्या मित्राने मला पावडरीचा डबा दाखवला होता. मी तो मास्टरांना दाखवायला नेला. डब्यावरच्या माणसाचे चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले. एवढेच म्हणाले की याचा शर्ट शिवायचा म्हणजे बाह्या एका दुकानात आणि छाती दुसऱ्या दुकानात द्यावी लागेल. डबा मी परत केला.

व्यायाम दुकानातच. दोन स्टुलांवर हात आणि तिसऱ्यावर पाय ठेवून जोर काढायचे. हाताला वजन म्हणून कोळशाची जुनी इस्त्री, जी आता फक्त माझ्यासाठीच माळ्यावरून खाली आली होती. पाठीसाठी कापडाची ठाणे या फळीवरून त्या फळीवर न्यायची. नंतर मला कळले की मास्टरांना ती तशीही हलवायचीच होती.

दर शुक्रवारी नमाजहून आल्यावर माप होई. मी बनियनवर उभा राही, मास्टर टेप फिरवत आणि आकडा मावशीला ऐकू जाईल असा ओरडून सांगत. तीसवर दोन सूत. तीसवर सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझे सगळे भविष्य त्या काळात सुतावर चालले होते. भरतीच्या आधीच्या शुक्रवारी साडेएकतीस भरली. मावशीने एक डझन केळी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आता सायब झाल्यावर आमाले वळखजो."

अमरावतीला मास्टर स्वतः सोबत आले. मी मैदानात गेलो, ते केळ्यांची पिशवी घेऊन फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसले. पळण्यात मी दुसरा आलो. मग छातीची रांग. मोजणाऱ्याने टेप फिरवला, घट्ट ओढला आणि आकडा सांगितला. साडेसत्त्याहत्तर. मी म्हणालो, साहेब, ऐंशी आहे. त्यांनी भल्या माणसासारखे पुन्हा मोजले. साडेसत्त्याहत्तर. मी म्हणालो, मास्टरांनी परवाच मोजली. कोण मास्टर, त्यांनी विचारले. टेलर, मी म्हणालो. माझ्यामागची रांग हसली. फुगवून मोजायची वेळ आलीच नाही.

बाहेर येऊन सांगितले तेव्हा मास्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला तिथेच रस्त्याच्या कडेला शर्ट काढायला लावला, गळ्यातला टेप ओढला आणि मोजले. साडेएकतीस. येणारेजाणारे थांबले. मास्टर संतापले होते. सरकारचा टेप खोटा आहे, आपण आत जाऊन साहेबांना दाखवू, असे म्हणत ते फाटकाकडे निघालेही. टेप अजून माझ्या छातीभोवती होता, त्यामुळे मलाही सोबत जावे लागले. तेव्हा मी खाली पाहिले.

"मास्टर," मी म्हणालो, "तुमची बोटं."

टेपच्या आत, माझ्या छातीला लागून, त्यांची दोन बोटे होती.

कोणत्याही जुन्या शिंप्याला पाहा, तो छाती मोजताना टेपच्या आत दोन बोटे घालतो. माणसाला श्वास घेता यावा, हात वर करता यावा, जेवल्यावर बसता यावे म्हणून. दोन बोटे सैल. मास्टरांनी चाळीस वर्षे तसेच मोजले होते. बोटे घालतो हेही ते विसरले होते. सरकारने बोटे घातली नाहीत.

मास्टर त्या बोटांकडे दुसऱ्या कोणाची असावीत तसे पाहत राहिले. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत ते टेप गुंडाळत आणि उलगडत राहिले. वनरक्षकाची जागा दोन बोटांनी गेली होती आणि बोटे त्यांची होती. मला राग आला होता का? आला होता, बडनेऱ्यापर्यंत. मग ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "पूरं वरीस मी तुले खोटी छाती सांगून राहिलो." मी म्हणालो, मास्टर, सगळी खोटी नव्हती, एकच इंच होती. त्यांनी पिशवीतले केळे सोलून माझ्या हातात दिले. "खाय. अजून एक साल हाय."

दुसऱ्या वर्षी त्यांनी नवी पद्धत काढली. बोटे ऐकत नव्हती. मोजायला घेतले की आपोआप आत जात. म्हणून दर शुक्रवारी ते कापडाच्या काठाची चिंधी घेत आणि चाचींकडून उजव्या हाताची दोन बोटे मुडपून बांधून घेत. मग टेप असा आवळत की माझा आवाज बदले. आकडा मावशीला ओरडून सांगणे बंद झाले होते. तीसवर पाच सूत, ते हळूच म्हणत. मावशी गाडीवरूनच विचारी, "बोटं बांधली का, मास्टर?"

एका शुक्रवारी ते चिंधी सोडायला विसरले आणि तशाच हाताने एका नवरदेवाचे माप घेतले. सूट सुंदर झाला. लग्नात नवरदेव अक्षता पडेपर्यंत उभा होता तोवर कोणाला काही कळले नाही. पुढे जेवायला बसवले तेव्हा तो बसेना. घरच्यांना वाटले रुसला आहे. सासऱ्याने काय पाहिजे ते विचारले, मोटारसायकलपर्यंत गोष्ट गेली. शेवटी मुलाने कानात सांगितले की श्वास पाहिजे. त्याने उभ्यानेच जेवण केले. दुसऱ्या दिवशी मास्टर स्वतः त्याच्या घरी गेले, माफी मागितली आणि शिलाई उसवून आत दाबलेले कापड सोडून दिले. चाळीस वर्षांत त्यांचा हा पहिला कपडा चुकला होता. चाचींनी त्या संध्याकाळी सहा अंडी ठेवली.

दुसऱ्या भरतीला मास्टर आले नाहीत. चला म्हणालो तर नाही म्हणून मान हलवली. "मी आलो तर बोटं आत जातीन," म्हणाले. त्या वेळी माझे वजन छप्पन्न होते. मोजणाऱ्याने आवळून मोजले, एक्याऐंशी. फुगवून शहाऐंशी. मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली येऊन फोन लावला आणि आकडे सांगितले.

"आवळून मोजली का?" मास्टरांनी विचारले.

"आवळून."

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला.

"मंग आता सोड श्वास," ते म्हणाले. मी तो अजून धरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळले.

आता मी सेमाडोहच्या जंगलात वनरक्षक आहे. मास्टरांच्या दुकानात मोबाईलची कव्हरे विकतात. केळीवाली मावशी अजून समोरच असते. मी गेलो की मला तोलल्यासारखी पाहते आणि दोन केळी जास्त टाकते. मास्टरांची नजर अधू झाली, म्हणून ते आणि चाची बार्शीटाकळीला मुलीकडे राहायला गेले. शिवणयंत्र सोबत नेले, एवढे चाचींनी सांगितले. फोनवर मास्टरांना नीट ऐकू येत नाही आणि इथे रेंजही नसते. म्हणून मागच्या महिन्यात मी पत्र लिहिले. त्याची प्रत माझ्याजवळ आहे.

"मास्टर, सलाम. चाचींनाही. हे पत्र नातीकडून वाचून घ्या. माझे वजन आता बासष्ट आहे. जंगलात रोज इतके चालावे लागते की खाल्लेले दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून घड्याळ पाहूनच खातो. इथली केळी माकडे माझ्याआधी खातात, पण शेंगदाणे खिशात असतात. अंड्यांचे आई विचारत नाही, मी सांगत नाही.

नवी वर्दी परतवाड्याला शिवली. शिंपी तरुण आहे, हुशार आहे. त्याने टेप अगदी अमरावतीसारखा आवळला. आरशात मी फार झोकात दिसतो. पण आमच्या कामात वाकणे फार. मातीत पायाचा ठसा दिसला की वाकून पाहावे लागते, आणि वाकलो की दुसरे बटण उडते. आतापर्यंत तीन उडाली. एक सापडले नाही. त्या दिवशी वाघाचा ठसा सापडला आणि माझे बटण हरवले, यावर इथले सगळे हसतात.

सोबत खाकी कापड पाठवत आहे. घाई नाही. नातीला सुई ओवायला बसवा, खडूची रेघ दिसत नसेल तर ती दाखवील. माप खाली लिहिले आहे. छाती मी स्वतः मोजली, आवळून, चौतीस. यात बोटे धरलेली नाहीत. ती तुम्ही घाला."